लोखंड कमी, पैसे जास्त

यंदा आमच्या उसाच्या खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेल्या पिकाला) केवडा पडला. शिरोळ तालुक्यातली काळी, चुनखडीची जमीन; तिथं हे काही नवीन नाही. शेंड्याची कोवळी पानं आधी पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या उरतात, मग पान पार पांढुरकं पडतं. तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, औषध बघायला कोल्हापुरात आले आणि खतांच्या दुकानातून निघून थेट माझ्याकडे. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे घरातल्या प्रत्येक पुडीवरचं बारीक अक्षर वाचायचं काम माझ्याकडेच असतं.

चहाच्या कपाशेजारी त्यांनी तीन पुड्या मांडल्या. पहिली हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट: लोह १९ टक्के. दुसरीवर 'चिलेटेड लोह, ईडीटीए': १२ टक्के. तिसरी गडद लाल पूड, तिच्यावर 'ईडीडीएचए': लोह फक्त ६ टक्के. किंमत मात्र बरोबर उलटी. सगळ्यात स्वस्त हिराकस, सगळ्यात महाग ती लाल.

"आगं, लोखंड कमी कमी होत चाललंय आन् पैसं वाढाय लागल्यात. ह्यो कुठला हिशेब?"

हिशेब बरोबर होता, तात्यांचाही आणि दुकानदाराचाही. फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते. तात्या मोजत होते लोह किती आहे. दुकानदार पैसे घेत होता ते लोहाला कुणी धरून ठेवलंय याचे. धातूला कोण धरतं, किती ठिकाणी धरतं आणि कोणत्या आकारात धरतं, एवढाच अभ्यास करणारी रसायनशास्त्राची एक अख्खी शाखा आहे. तिला कोऑर्डिनेशन केमिस्ट्री म्हणतात. मराठी पाठ्यशब्द आहेत, पण आमच्या स्टाफरूममध्ये ते कुणी वापरत नाही, म्हणून इथंही राहू देत.

आधी एक गैरसमज काढू. केवडा पडला म्हणजे जमिनीत लोह नाही, असं नव्हे. पन्हाळ्याकडचा जांभा लाल असतो तो लोहामुळेच, आणि शिरोळच्या काळ्या रानातही लोह भरपूर असतं. पण ते गंजाच्या जातीचं, पाण्यात न विरघळणारं असतं. त्यातून जमीन चुनखडीची असली की गोष्ट आणखी बिघडते. जमिनीचा सामू (पीएच) एका अंकानं वाढला, म्हणजे समजा ७ चा ८ झाला, की पाण्यात सुटं राहू शकणारं फेरिक लोह (गंजातलं, तीन भाराचं) हजार पटीनं घटतं. दोन अंक वाढला तर दहा लाख पटीनं. हिराकस पाण्यात सहज विरघळतं खरं, पण अशा रानात टाकलं की हवेनं त्याचं फेरिक होतं, त्याचा गंज बनतो आणि ते मातीचंच होऊन बसतं. मुळाच्या तोंडापर्यंत पोचतं ते नगण्य.

म्हणजे लोहाला मुळापर्यंत जायचं असेल तर वाटेत त्याला पाण्यानं आणि चुन्यानं ओढून नेऊ नये, अशी कुणीतरी सोबत करायला हवी. अशी सोबत करणाऱ्या रेणूला किंवा आयनाला लिगंड म्हणतात. लिगंडाकडे इलेक्ट्रॉनांची एखादी मोकळी जोडी असते, बहुतेक वेळा नायट्रोजनवर किंवा ऑक्सिजनवर. धातूच्या आयनाला इलेक्ट्रॉनांची ओढ असते. लिगंड आपली जोडी धातूकडे तोंड करून ठेवतो आणि बंध तयार होतो. साधं पाणीसुद्धा लिगंड आहे. हिराकस पाण्यात टाकलं की प्रत्येक लोहाभोवती पाण्याचे सहा रेणू उभे राहतात: चार बाजूंना चार, एक वर, एक खाली.

हे तात्यांना सांगून समजलं नसतं, दाखवावं लागलं. कोऱ्या चहाचं थंड पाणी वाटीत घेतलं आणि पुडीतल्या हिराकसची चिमूट टाकली. दुकानातल्या हिराकसवर तपकिरी पूड चढलेली असते, म्हणजे थोडं फेरिक झालेलंच असतं, त्यामुळे थांबावं लागलं नाही. तपकिरी चहा बघता बघता शाईसारखा काळा झाला. चहातल्या टॅनिननं लोहाभोवतीचं पाणी बाजूला सारून स्वतः जागा घेतली होती. (महाद्वार रोडला काष्ठौषधीच्या दुकानात हिरडा मिळतो, त्याच्या काढ्यात हाच प्रयोग आणखी जोरात होतो. हिरडा आणि हिराकस मिळून शाई करायची रीत जुनी आहे, आणि हिरड्यानं कमावलेल्या चामड्यावर गंजकं पाणी पडलं की जो काळा डाग पडतो तोही याच कारणानं.) मग त्याच वाटीत अर्धं लिंबू पिळलं. काळेपणा उतरला, पुन्हा फिकट तपकिरी. लिंबातल्या आम्लानं टॅनिनची पकड सैल केली आणि सायट्रेटनं लोह आपल्याकडे ओढलं. लोह तेवढंच, वाटी तीच. फक्त सोबत दोनदा बदलली आणि रंग दोनदा बदलला.

वाटी धुऊन टाका. हिराकस खायचं नसतं, आणि स्वयंपाकाची वाटी यासाठी घेतली म्हणून मला घरात बोलणी खावी लागली.

ही 'सोबत' कल्पना आज सोपी वाटते, पण ती कुणालाच सुचत नव्हती. कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनियाची संयुगं एकोणिसाव्या शतकात लोकांना माहीत होती. एक पिवळं, एक जांभळट, एक हिरवं, एक व्हायोलेट. कोबाल्ट एक, क्लोरीन तीन. फक्त अमोनियाचे रेणू सहा, पाच किंवा चार. त्या काळच्या हिशेबानं कोबाल्टला तीनच हात. तिन्ही हात क्लोरीननं धरल्यावर अमोनिया टेकतो कुठं? १८९३ मध्ये झुरिकचा आल्फ्रेड वेर्नर, तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, म्हणाला की धातूला दोन वेगळे हिशेब असतात. एक विद्युतभाराचा, तो तीनच. दुसरा भोवतीच्या जागांचा, त्या सहा. या सहा जागा अष्टफलकाच्या सहा टोकांवर (चार बाजूंना चार, एक वर, एक खाली) असतात, आणि तिथं अमोनिया बसो की क्लोरीन, जागा सहाच.

हे तपासायचं कसं? सिल्व्हर नायट्रेटनं. सुटं क्लोराइड असेल तर पांढरा साका खाली बसतो. कोबाल्टनं जवळ धरलेलं क्लोराइड सहजी हाताला लागत नाही. सहा अमोनियावाल्यात तिन्ही क्लोराइड खाली बसले, पाचवाल्यात दोन, चारवाल्यात एकच. उरलेले सहा जागांमध्ये अडकले होते. आणि चार अमोनियावाल्याचे हिरवा आणि व्हायोलेट असे दोन प्रकार का? कारण दोन क्लोरीन शेजारी शेजारी बसू शकतात किंवा समोरासमोर. वेर्नरला १९१३ चं नोबेल मिळालं. मला या माणसाचं सगळ्यात कौतुक वाटतं ते यासाठी, की त्यानं यातला एकही रेणू पाहिला नव्हता. सगळा आकार त्यानं साक्यावरून, रंगावरून आणि किती प्रकार तयार होतात त्या मोजणीवरून काढला.

पाहायची सोय अगदी त्याच सुमाराला झाली, आणि ती झाली मोरचुदावर. १९१२ मध्ये म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउएच्या सांगण्यावरून फ्रीडरिश आणि क्निपिंग या दोघांनी एका स्फटिकातून क्ष-किरण सोडले आणि मागच्या फोटोपट्टीवर ठिपके उमटले. तो पहिला स्फटिक कॉपर सल्फेटचा होता, म्हणजे द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात घालतात तो मोरचूद. ठिपके उमटले खरे, पण मोरचुदाची रचना इतकी तिरकी की त्यांचा अर्थ लावता येईना. पुढच्या प्रयोगांना त्यांनी साधे स्फटिक घेतले. पुढच्याच वर्षी ब्रॅग बापलेकांनी मिठाची रचना सोडवली. मोरचूद मात्र १९३४ पर्यंत थांबला. तो बीव्हर्स आणि लिप्सन यांनी सोडवला.

स्फटिकातून ठिपके का उमटतात, ते कोल्हापूर–सांगली रस्त्यावर एसटीच्या खिडकीतून दिसतं. हल्ली रोपांनी उसाची लागण करतात. ठरलेल्या अंतरावर सऱ्या, सरीत ठरलेल्या अंतरावर रोपं. रोपं लहान असतात तेव्हा गाडीतून बघा. एका क्षणी सरळ ओळी उघडतात आणि नजर शेताच्या पार टोकापर्यंत जाते, दुसऱ्या क्षणी सगळा गोंधळ, मग अचानक तिरक्या ओळी उघडतात. शेत तेच, कोन बदलला की वेगळ्या ओळी. स्फटिकातही अणू असेच ठरलेल्या अंतरानं लावलेले असतात. क्ष-किरणाच्या लाटेची लांबी त्या अंतराच्याच मापाची असते. प्रयोगशाळेत मॉलिब्डेनमचा किरण वापरला तर ०.७१ अँगस्ट्रॉम, तांब्याचा वापरला तर १.५४. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) ठरावीक कोनांवर अणूंच्या थरांवरून परतलेल्या लाटा एकमेकींना साथ देतात आणि ठिपका उमटतो, बाकी कोनांवर एकमेकींना मारतात. ठिपके कुठे आहेत यावरून ओळींची अंतरं मिळतात. ठिपके किती ठळक आहेत यावरून प्रत्येक रोपाच्या जागी कोणता अणू आहे ते काढायचं असतं.

यात एक मोठी गोम आहे. ठिपक्याचा ठळकपणा मिळतो, पण लाट चढती होती की उतरती, ही माहिती पट्टीवर हरवते. ती गणितानं परत मिळवायच्या पद्धतीसाठी हॉप्टमन आणि कार्ल यांना १९८५ चं नोबेल मिळालं. आज हे सगळं संगणक काही मिनिटांत करतो आणि पोरांना वाटतं, बटण दाबलं की रचना येते.

येत नाही, कारण आधी स्फटिक यावा लागतो. तो यायला लागतो वेळ. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी तांब्याचं एक संयुग केलं होतं. लहान बाटलीत त्याचं द्रावण, ती बाटली मोठ्या बरणीत, बरणीत दुसरा द्रावक. दुसऱ्याची वाफ हळूहळू पहिल्यात उतरते आणि संयुगाला विरघळून राहणं अवघड होत जातं. दोन महिने माझ्या बाटलीत तेलकट थराखेरीज काही नव्हतं. मी रोज उचलून बघायची, हीच चूक होती. गुळव्याला हे न शिकवता कळतं: पाक ढवळत राहिलं की बारीक रवा धरतो, आणि दोऱ्याला मोठे खडे लागलेली खडीसाखर हवी असेल तर दोरा सोडून गप बसायचं. जुलैत पावसानं आठवडाभर कॉलेजच बंद पडलं, मला बाटली उचलता आली नाही, आणि परत आले तेव्हा काचेला निळ्या सुया चिकटलेल्या. सुया बारीक, पण त्यातली एक पुरेशी होती. मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांचा निर्दोष स्फटिक असला तरी चालतं. तो तेलाच्या थेंबात धरून बारीक फासात उचलतात, नायट्रोजनच्या उणे १७३ अंशांच्या झोतात गोठवतात म्हणजे अणूंची थरथर कमी होते, आणि मग तो फिरवत फिरवत हजारो ठिपके मोजतात.

शेवटी पडद्यावर येतं त्याला तात्यांनी पाहता क्षणी 'फोटो' म्हटलं. तो फोटो नसतो. तिथं दिसतं ते गणितानं काढलेलं इलेक्ट्रॉनांच्या दाटीचं चित्र. म्हणूनच हायड्रोजन त्यात नीट सापडत नाही, त्याच्याकडे इलेक्ट्रॉन एकच. त्याला नेमकं शोधायला न्यूट्रॉन लागतात. पण शब्द सोयीचा आहे, मीही आता तोच वापरते.

मोरचुदाचा फोटो काय सांगतो? सूत्रात पाण्याचे पाच रेणू. फोटोत तांब्याभोवती चारच, एका चौकोनात, सुमारे दोन अँगस्ट्रॉमवर. वर आणि खाली सल्फेटचे ऑक्सिजन, तेही लांब, सुमारे २.४ अँगस्ट्रॉमवर. पाचवं पाणी तांब्याला शिवतही नाही. ते सल्फेटजवळ हायड्रोजनच्या धाग्यांनी टांगलेलं असतं. वजनकाट्यावर पाचही पाणी सारखंच. मोरचूद तापवला की पांढरा पडतो तो तांब्याभोवतीचं हे पाणी गेल्यामुळे. तांबं कुठं गेलेलं नसतं, पाण्याचा थेंब टाकला की परत निळा. निळेपणा एकट्या तांब्याचा नसतो. भोवतालचे लिगंड धातूच्या इलेक्ट्रॉनांसाठी पायरीची उंची ठरवतात, आणि त्या उंचीइतका प्रकाश गिळला जातो. पाण्याऐवजी अमोनिया आला की पायरी उंच होते आणि रंग गर्द निळा-जांभळा. (तांबड्या रश्शाचा रंग यातला नव्हे, तो मिरचीचा, त्यात धातू लागत नाही. पण रश्श्यात पडायच्या आधी मटण लाल दिसतं ते लोहामुळेच: चार नायट्रोजनांच्या एका चकतीत मधोमध बसवलेलं लोह. उसाच्या पानातलं हरितद्रव्यही जवळपास तशीच चकती वापरतं, फक्त मध्ये मॅग्नेशियम. लोह स्वतः हरितद्रव्यात नसतं, पण ते घडवायला लागतं, आणि जुन्या पानातून नव्या पानात जात नाही. म्हणून केवडा शेंड्याला.)

आता तात्यांची दुसरी पुडी. ईडीटीए हा एकच रेणू धातूला सहा ठिकाणी धरू शकतो: दोन नायट्रोजन, चार ऑक्सिजन. अशा एकाहून जास्त ठिकाणी धरणाऱ्या पकडीला चिलेट म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. ओढ्यात खेकडा धरलेल्याला याचा अर्थ सांगायला नको: एक नांगी सोडवेपर्यंत दुसरी धरते. पाण्याचा एक रेणू सुटला तर निघून जातो. ईडीटीएचं एक टोक सुटलं तरी पाच टोकं धरून असतात, आणि सुटलेलं टोक आसपासच घुटमळत परत पकडतं.

पुस्तकात हे चित्र फार देखणं काढतात. लोह मध्ये, सहा टोकं सहा दिशांना, अगदी नीटस अष्टफलक. विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत काढतात, मी गुण देते. पण १९६४ मध्ये अमेरिकेत होर्ड यांच्या गटानं फेरिक ईडीटीएच्या स्फटिकाची रचना छापली तेव्हा लोहाभोवती सहा नव्हे, सात अणू सापडले. सातवा पाण्याचा ऑक्सिजन. फेरिक लोह ईडीटीएच्या मिठीपेक्षा थोडं मोठं पडतं. टोकं पूर्ण मिटत नाहीत, एका बाजूला फट राहते आणि तिथून पाण्याचा एक रेणू आत येऊन बसतो. कोबाल्टचा फेरिकसारखाच तीन भाराचा आयन लहान, तो सहात नीट मावतो. कागदावर कितीही विचार केला असता तरी ही फट दिसली नसती. मला स्फटिकांचं वेड लागलं ते या एका रचनेमुळे.

तात्यांना यातलं एकच हवं होतं: "मग ही बारा टक्केवाली घालू का रानात?"

रानात नको, पानावर फवारा. ईडीटीए लोहाला घट्ट धरतं, पण कॅल्शियमलाही धरतं. पकड मोजायचा आकडा दहाच्या घातात देतात: लोहासाठी सुमारे २५, कॅल्शियमसाठी सुमारे ११. आकडे बघितले तर लोह सहज जिंकायला हवं. पण चुनखडीच्या रानात कॅल्शियम अफाट, आणि दुसरीकडून गंज लोहाला ओढतच असतो. सामू साडेसहाच्या वर गेला की ईडीटीएच्या हातून लोह सुटायला लागतं आणि त्याच्या जागी कॅल्शियम येतं. पानावर चुनखडी नसते, तिथं हे भांडण नाही.

तिसरी लाल पुडी रानासाठीच असते. ईडीडीएचएसुद्धा सहाच ठिकाणी धरतं, पण त्यातली दोन टोकं फिनॉलची, आणि फिनॉलचा ऑक्सिजन फेरिक लोहावर जीव टाकतो. तोच तो लाल रंग देतो. पकडीचा आकडा सुमारे ३५, म्हणजे ईडीटीएच्या जवळपास दहा अब्ज पट. कॅल्शियमकडे मात्र ते ढुंकून बघत नाही, म्हणून सामू ८-९ असला तरी लोह पाण्यात राहतं. लोह सहाच टक्के दिसतं कारण धरणारा रेणू वजनदार. पुडीत बहुतांश वजन सोबत करणाऱ्याचं.

"म्हंजे पैसं मजुरीचं, मालाचं न्हवं," तात्या म्हणाले. यापेक्षा चांगली व्याख्या मला वर्गात जमलेली नाही.

मग ते म्हणाले की त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून हिराकस आठ-दहा दिवस शेणखतात मुरवूनच सरीत देतात, आणि तसं दिलेलं लागू पडतं, नुसतं फेकलेलं पडत नाही. खरं आहे, कृषी विद्यापीठाची शिफारसही तशीच असते. कुजलेल्या शेणखतात ह्युमिक आणि इतर आम्लं असतात, त्यांच्या अंगावर ऑक्सिजनची असंख्य टोकं, आणि ती लोहाला धरून ठेवतात. शिवाय ऊस गवताच्या कुळातला. गवतं स्वतःच मुळांतून लोह धरणारे रेणू बाहेर सोडतात आणि लोहासकट परत आत घेतात. १९७० च्या दशकात जपानमध्ये सातूच्या मुळांत असा पहिला रेणू सापडला, म्युजिनिक आम्ल. रान फारच चुनखडीचं असलं की मुळांची ही मेहनत पुरी पडत नाही, एवढंच.

तात्यांनी शेवटी हिराकसच ठेवलं, दोन्ही महागाच्या पुड्या परत करायला पिशवीत टाकल्या. फवारणीपुरतं ईडीटीए घ्या म्हणून मी बरंच सांगितलं. त्यावर "बघू" म्हणाले, म्हणजे नाही. निघताना चप्पल घालता घालता त्यांनी विचारलं, शेणखतातल्या त्या आम्लाचा फोटो दाखव की. मी म्हटलं, तो नाही. ते एका जातीचं नसतंच, हजार तऱ्हेचे लहानमोठे रेणू एकत्र, त्यामुळे ते कधी ओळीत बसत नाही, आणि ओळीत बसल्याशिवाय स्फटिक नाही, स्फटिक नाही तर ठिपके नाहीत.

"म्हंजे एवढं शिकून शेणाचा फोटो काय निघायचा न्हाई," म्हणाले, आणि हिराकसची पुडी बंडीच्या खिशात कोंबून एसटी स्टँडकडे निघाले.